सहा मीटरचं स्वयंपाकघर, बाजूची खोली, वर लॉफ्ट : यातलं पीडीत, म्हणजे परमिटेड डेव्हलपमेंटमध्ये, नक्की काय बसतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लंडनच्या वायव्येला, हॅरोच्या बाजूला १९३०च्या दशकातलं सेमी घर, म्हणजे एका बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामाईक. मागे आधीच्या मालकाने बांधलेली अडीच मीटरची कन्झर्वेटरी (काचेची खोली), एका बाजूला गाडी जाईल एवढी मोकळी पट्टी. घरच्यांना मागे सहा मीटर बाहेर येणारं मोठं स्वयंपाकघर हवंय. बाजूच्या पट्टीत आईबाबांसाठी तळमजल्यावर झोपायची खोली आणि शॉवर हवाय, कारण बाबांना आता जिना झेपत नाही. आणि हात फिरतोच आहे तर वर लॉफ्टही, म्हणजे छपराखालची खोली. बिल्डर म्हणतो, ‘हे सगळं पीडीत बसतं, कौन्सिलला काही विचारायला नको.’ हे खरं का?

अर्धं खरं. लॉफ्ट बसतो. मागचे सहा मीटर बसतात, पण आधी कौन्सिलला कळवून आणि शेजाऱ्यांचं ऐकून घेतल्यावर. बाजूची खोली एकटी असेल तर बसते, मागच्या स्वयंपाकघराला जोडली की दोन्ही बाहेर पडतात. आणि नकाशात ती जोडलेली असणार याबद्दल मला शंका नाही, कारण सगळ्यांनाच ती जोडायची असते.

आता सविस्तर. मी लिहितोय ते फक्त इंग्लंडबद्दल. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत, तिथल्या कोणी यातले आकडे उचलू नयेत.

पीडी म्हणजे परमिटेड डेव्हलपमेंट. याला ‘परवानगी लागत नाही’ म्हणतात, पण परवानगी लागतेच. फक्त ती सरकारने २०१५च्या एका आदेशाने सगळ्या पात्र घरांना आधीच देऊन ठेवली आहे, ठरावीक मापांच्या आणि अटींच्या आत. त्यामुळे इथे प्लॅनिंग ऑफिसरची आवडनिवड चालत नाही, आणि तुमची अडचणही चालत नाही. आईबाबा येणार आहेत, बाबांचे गुडघे दुखतात, गल्लीतल्या चार घरांनी असंच बांधलंय, यातलं काहीही मोजलं जात नाही. मोजले जातात मीटर. आणि भिंत दहा सेंटिमीटर जास्त बाहेर गेली तर ते दहा सेंटिमीटर बेकायदा ठरत नाहीत, अख्खं एक्स्टेन्शन विनापरवाना ठरतं. बिल्डर लोक हे सांगत नाहीत, कारण बहुतेकांना ते माहीतच नसतं.

माप घ्यायच्या आधी एक गोष्ट तपासा : तुमच्या घराला हे हक्क शिल्लक आहेत का? फ्लॅट आणि मेझोनेटला घर वाढवायचे हे हक्क मुळातच नाहीत. ऑफिसचं किंवा दुकानाचं पीडीखालीच घर केलेलं असेल तर त्यालाही नाहीत. कॉन्झर्व्हेशन एरियात (जुनं रूप जपायचा म्हणून ठरवलेल्या भागात) हक्क असतात पण बरेच कापलेले : बाजूचं एक्स्टेन्शन नाही, मागे दुमजली नाही, छपरावर डॉर्मर (उतारातून बाहेर काढलेला खिडकीचा भाग) नाही, सहा मीटरवालं तर नाहीच. शिवाय कौन्सिल ‘आर्टिकल ४’ नावाचा आदेश काढून एखाद्या भागातले ठरावीक हक्क काढून घेऊ शकते. हॅम्पस्टेड गार्डन सबर्बसारख्या ठिकाणी हे जुनंच आहे. कौन्सिलच्या वेबसाइटवरच्या नकाशात पोस्टकोड टाकला की यातलं बहुतेक दिसतं.

दिसत नाही ते वेगळंच. नव्या इस्टेटीतली घरं घेणारे आपले बरेच लोक आहेत. रेडिंग, स्विंडन, मिल्टन कीन्स अशा ठिकाणी तर खूपच. अशा इस्टेटीच्या मूळ प्लॅनिंग परवानगीत कुठेतरी एक अट असते की या घरांचे पीडी हक्क काढून घेतले आहेत, किंवा गॅरेज कायम गाडीसाठीच ठेवायचं. प्लॉट लहान असले की ही अट हमखास येते. ती नकाशावर दिसत नाही, मूळ परवानगीचा कागद काढून वाचावा लागतो. त्यावर घराच्या टायटलमध्ये (मालकीच्या कागदात) डेव्हलपरने घातलेली कव्हेनंट असते : आमच्या लेखी संमतीशिवाय बाहेरून बदल नाही. कव्हेनंटचा प्लॅनिंगशी काही संबंध नाही, कौन्सिल तिच्याकडे बघणारसुद्धा नाही, पण घर विकताना समोरचा सॉलिसिटर ती बरोबर शोधून काढतो. १९३०च्या सेमीत ही भीती कमी, तरी टायटल एकदा वाचाच.

तुमचं घर साधं, कॉन्झर्व्हेशन एरियाबाहेरचं, फ्रीहोल्ड आहे असं धरतो.

पीडीतलं प्रत्येक माप ‘मूळ’ घरापासून घेतात. मूळ म्हणजे १ जुलै १९४८ रोजी घर जसं उभं होतं तसं, आणि त्यानंतर बांधलेलं असेल तर पहिल्यांदा बांधलं तसं. तुम्ही विकत घेतलं तसं नव्हे. तुमची कन्झर्वेटरी मूळ घराचा भाग नाही. ती पाडून नवीन बांधणार असाल तर तिचा विषय संपला, माप मागच्या मूळ विटांच्या भिंतीपासून सुरू. पण ती ठेवून तिच्या पुढे तीन मीटर ‘नवीन’ बांधायची कल्पना कोणी दिली तर तो साडेपाच मीटरचा हिशोब झाला. जुनं आणि नवं जोडलं की दोन्ही मिळून मोजतात. पूर्वी यावर बराच वाद घालता यायचा, आता आदेशातच तसं स्पष्ट घातलं आहे.

आधीच्या मालकाने बागेत टाकलेल्या शेडही तुमच्याच खात्यात. मूळ घर सोडून उरलेल्या प्लॉटच्या निम्म्याहून जास्त जमीन एक्स्टेन्शन आणि शेडनी झाकायची नाही असा नियम आहे. तुमच्यासारख्या लांब बागेच्या घरात हा आडवा येत नाही. छोट्या टेरेस घराला, म्हणजे सलग ओळीतल्या घराला, येतो.

मागचं स्वयंपाकघर. सेमी किंवा टेरेस असेल तर एकमजली एक्स्टेन्शन मूळ मागच्या भिंतीपासून ३ मीटर, डिटॅच्ड म्हणजे सुटं घर असेल तर ४. एवढ्यासाठी खरोखरच कोणाला कळवावं लागत नाही. उंची ४ मीटरपर्यंत. पण शेजाऱ्याच्या हद्दीपासून २ मीटरच्या आत असाल, आणि सेमीत तुम्ही असणारच, तर छपराची कड म्हणजे ईव्ह्ज ३ मीटरच्या वर जाता कामा नये. माप लगतच्या नैसर्गिक जमिनीपासून, जमीन उताराची असेल तर लगतच्या सगळ्यात उंच भागापासून. वर टाकलेलं डेकिंग जमीन म्हणून धरत नाहीत. आणि स्वयंपाकघराच्या दाराबाहेर ऐटबाज ओटा करायचा असेल तर तो ३० सेंटिमीटरच्या आत ठेवा, त्यावर गेला की तो ‘उंचावलेला प्लॅटफॉर्म’ आणि त्याला पीडी नाही. बाहेरच्या भिंतीचं साहित्य मूळ घराशी मिळतंजुळतं दिसायला हवं, कन्झर्वेटरीला यातून सूट आहे. काळ्या झिंकच्या पत्र्याने मढवलेली ती मासिकातली एक्स्टेन्शनं बघून येतात लोक. ती पीडीत बसवणं म्हणजे वाद ओढवून घेणं.

३ च्या पुढे ६ मीटरपर्यंत (डिटॅच्डला ४ च्या पुढे ८) जायचं असेल तर प्रायर अप्रूव्हल, म्हणजे बांधण्याआधी घ्यायची कौन्सिलची मंजुरी. ही सवलत आधी तात्पुरती होती, २०१९मध्ये कायमची झाली. कामाचा क्रम असा. मापांसह साधा नकाशा, बांधकामाचं वर्णन आणि लगतच्या घरांचे पत्ते कौन्सिलला पाठवायचे. कौन्सिल त्या शेजाऱ्यांना पत्र पाठवते आणि हरकतीसाठी किमान २१ दिवस देते. लगतचे म्हणजे फक्त डावे-उजवे नव्हेत, ज्यांची बाग तुमच्या बागेच्या मागच्या कुंपणाला टेकते तेही. कोणीच हरकत घेतली नाही तर शेजाऱ्यांच्या उजेडाचा किंवा मोकळेपणाचा मुद्दा काढून कौन्सिलला नकार देता येत नाही. एकाने जरी घेतली तर मग ऑफिसर किती परिणाम होतो ते तपासतो, आणि फक्त हरकत घेणाऱ्यावरचाच नव्हे तर लगतच्या सगळ्या घरांवरचा. पूर्ण अर्ज पोचल्यापासून ४२ दिवसांत उत्तर आलं नाही तर बांधायला मोकळे.

म्हणून अर्ज टाकायच्या आधी भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांकडे जा. नकाशा घेऊन जा, दिवाळी असेल तर फराळही न्या, पण नकाशा विसरू नका. कौन्सिलचं खाकी पाकीट अचानक दारात पडलं की शांत माणूसही हरकतीचं पत्र लिहायला बसतो. सेमीत सहा मीटरची भिंत म्हणजे त्यांच्या जेवणाच्या खोलीच्या खिडकीपासून हातभर अंतरावर सहा मीटरचा विटांचा पट्टा. त्यांच्या जागी उभं राहून बघा. साडेचार मीटर पुरतात का याचा विचारही तिथेच करा. माझ्या मते बहुतेक कुटुंबांना पुरतात, आणि सहा मीटर खोल स्वयंपाकघराच्या मागे जी जुनी खोली उरते ती दिवसाही दिवा लावून वापरावी लागते हे कोणीच नकाशात दाखवत नाही.

दोन गोष्टी इथे चुकतात. एक, प्रायर अप्रूव्हल काम सुरू करण्याआधीच मिळालेलं हवं. मागाहून ते देण्याची सोयच नाही. पाया खणला आणि मग फॉर्म भरला तर मार्ग बंद, मग पूर्ण प्लॅनिंग अर्जच. दुसरी, कौन्सिलने ‘प्रायर अप्रूव्हलची गरज नाही’ असं पत्र पाठवलं म्हणजे तुमचं बांधकाम पीडीत बसतं असं तिने सांगितलं, असं होत नाही. ईव्ह्ज ३ मीटरच्या वर असतील तर ते पत्र खिशात असूनही बांधकाम विनापरवानाच.

आता बाजूची खोली, म्हणजे मुख्य अडचण. बाजूचं एक्स्टेन्शन एकमजली हवं, उंची ४ मीटरच्या आत, आणि रुंदी मूळ घराच्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त नको. समजा तुमचं घर साडेसहा मीटर रुंद आहे. निम्मं म्हणजे सव्वातीन. बाजूची पट्टी २.६ मीटर. बसलं. समोरच्या मुख्य भिंतीच्या पुढे ते येऊ द्यायचं नाही, आणि ईव्ह्जचा वरचा नियम इथेही लागतो.

पण ही खोली मागे जाऊन स्वयंपाकघराला मिळाली, इंग्रजी एल आकाराचं झालं, की हिशोब बदलतो. एकच बांधकाम बाजूच्या भिंतीच्याही पलीकडे जातंय आणि मागच्याही. अशा वेळी त्याच्या पूर्ण रुंदीला तोच निम्म्याचा नियम लागतो. पूर्ण रुंदी आता ६.५ अधिक २.६, म्हणजे ९.१ मीटर. परवानगी सव्वातीनची. कुठे सव्वातीन, कुठे नऊ! हे रॅपअराउंड. माझ्याकडे ‘बिल्डर म्हणाला पीडीत बसतं’ म्हणून येणाऱ्या नकाशांत सर्वाधिक फसलेली जागा हीच. ‘आधी बाजूचं बांधू, सहा महिन्यांनी मागचं’ ही युक्तीही चालत नाही. जुन्या एक्स्टेन्शनला नवं जोडलं की एकत्रच मोजतात, हे वर आलंच.

म्हणजे तुमच्यापुढे दोन वाटा. पहिली, दोन्ही खरोखर वेगळी ठेवायची. बाजूची खोली मागच्या मूळ भिंतीच्या अलीकडेच संपवायची, स्वयंपाकघर फक्त मूळ घराच्या मागे, दोघांमध्ये स्पष्ट फट. कोपऱ्याला कोपरा टेकवून ‘जोडलेलं नाही’ असा वाद घालत बसू नका. आईबाबांच्या खोलीत जायचं ते जुन्या हॉलमधून. खरं सांगायचं तर वयस्कर माणसांना हे जास्त सोयीचं. रात्री शॉवरकडे जाताना स्वयंपाकघरातून फेरी नको.

दुसरी वाट, सरळ हाउसहोल्डर प्लॅनिंगचा अर्ज. आठ आठवड्यांची मुदत, फी १ एप्रिल २०२५ला २५८ पौंडांवरून ५२८ झाली आणि त्यानंतर महागाईप्रमाणे हलते, तेव्हा भरताना आकडा बघून घ्या. इथे ऑफिसर शेजाऱ्याच्या खिडकीतून ४५ अंशांची रेघ मारून उजेड अडतो का ते बघतो, मागची लांबी ३-४ मीटरवर आणायला सांगतो. यावर एक उपाय आहे, तो आमच्या धंद्यात सगळे वापरतात : आधी मागच्या एकट्या सहा मीटरचं प्रायर अप्रूव्हल काढून ठेवायचं, मग रॅपअराउंडचा अर्ज टाकताना दाखवायचं की नाही म्हणालात तर आम्ही हे बांधू शकतोच. ‘फॉलबॅक’ म्हणतात याला, आणि निर्णय घेताना ऑफिसरला ते विचारात घ्यावं लागतं. हमी नाही, पण बोलणी वेगळ्या पातळीवरून सुरू होतात. मात्र ते सहा मीटर तुम्ही खरंच बांधाल असं दिसायला हवं. नुसती धमकी ऑफिसर ओळखतात.

व्हिक्टोरियन टेरेसवाल्यांसाठी एक वाक्य जादा, कारण त्यांचाही हाच गोंधळ असतो. मागे मूळचाच एक अरुंद भाग बाहेर आलेला असतो आणि त्याच्या बाजूला गल्लीसारखी मोकळी जागा. ती गल्ली भरणं हे कायद्याने बाजूचंही एक्स्टेन्शन आहे आणि आतल्या मागच्या भिंतीपासून मोजलं तर मागचंही. म्हणजे रुंदीला निम्म्याचा नियम आणि लांबीला ३ मीटर (प्रायर अप्रूव्हलने ६), दोन्ही लागू. पूर्ण गल्ली भरून वर मूळ भागाच्या मागे पूर्ण रुंदीने बाहेर यायचं असेल तर पीडी विसरा.

दुमजली मागचं एक्स्टेन्शनही पीडीत आहे बरं का : ३ मीटरपर्यंत, मागच्या हद्दीपासून ७ मीटर सोडून. पण उंचीच्या नियमात अडकतं. हद्दीपासून २ मीटरच्या आत ईव्ह्ज ३ मीटर, तर दुसरा मजला कुठे बसणार? म्हणून सेमीत ते दोन्ही हद्दींपासून आत ओढावं लागतं, आणि मग जी खोली उरते तिच्यात पलंग आडवा लावावा लागतो.

लॉफ्ट. इथे मोजायचं ते घनफळ. टेरेस घराला मूळ छपराच्या बाहेर ४० घनमीटर वाढ, सेमी आणि डिटॅच्डला ५०. आधीच्या मालकाने छपरात काही वाढवलं असेल तर ते यातूनच वजा. डॉर्मर मागच्या बाजूला, समोर रस्त्याकडच्या उतारावर नाही. छपराच्या मूळ सर्वोच्च रेषेच्या वर काही जायचं नाही. डॉर्मरची भिंत ईव्ह्जपासून उतारावर मोजून किमान २० सेंटिमीटर मागे.

तुमच्या घराला बाजूने उतरतं छप्पर असणार, हिप. ते सरळ उभ्या भिंतीने वर नेतात, म्हणजे हिप-टु-गेबल, आणि मागे डॉर्मर. हिशोब करून बघू, म्हणजे बिल्डरच्या ‘बसतं हो’वर अवलंबून राहायला नको. समजा घर पुढून मागे ८ मीटर, ईव्ह्जपासून वरच्या रेषेपर्यंत उंची ३, आणि वरची आडवी रेषा बाजूच्या भिंतीपर्यंत न्यायला ४ मीटर वाढवावी लागते. हिप-टु-गेबलचं घनफळ : ८ गुणिले ३ गुणिले ४, भागिले ६. सोळा घनमीटर. डॉर्मर म्हणजे आडवा पडलेला त्रिकोणी ठोकळा : समोरची उंची २.४, छपरात मागे शिरतो ते अंतर ३.२, रुंदी ५ मीटर. तिघांचा गुणाकार निम्मा केला की १९.२. एकूण ३५.२ घनमीटर. पन्नासच्या आरामात आत.

डॉर्मर सहा मीटरपर्यंत नेलं तरी चालेल. घराच्या पूर्ण रुंदीएवढं, साडेसहा मीटर केलं तर जवळजवळ २५ अधिक १६, म्हणजे ४१. तरीही सेमीला चालतं. पण हेच घर तीन घरांच्या ओळीतलं शेवटचं असेल तर? दिसायला अगदी सेमीसारखं, एकच सामाईक भिंत, बाजूला तसाच हिप. कायद्याच्या व्याख्येत तीन किंवा जास्त घरांच्या ओळीतलं शेवटचंही टेरेसच. मर्यादा ४०. त्याच रस्त्यावरच्या सेमीचा नकाशा उचलून शेवटच्या टेरेसवर बांधलेले लॉफ्ट मी बघितले आहेत. बाहेरून काही कळत नाही, विकताना कळतं. तेव्हा तुमच्या ओळीत घरं किती ते रस्त्यात उभं राहून मोजा.

नव्या उभ्या भिंतीत जिन्यासाठी खिडकी घ्याल ती बाजूच्या शेजाऱ्याकडे तोंड करून असेल. तिला अपारदर्शक काच हवी, आणि खोलीच्या जमिनीपासून १.७ मीटरच्या खाली ती उघडता येता कामा नये.

कोणीतरी ‘लॉफ्ट कशाला, अख्खा मजला चढवा, तेही आता पीडीत आहे’ असं सांगेल. २०२०पासून तसा हक्क आला हे खरं, पण तो १ जुलै १९४८ ते २८ ऑक्टोबर २०१८ या काळात बांधलेल्या घरांनाच आहे. तुमचं १९३०चं. विषय मिटला.

आणि बाजूची खोली जमत नसेल तर ‘बागेत आउटबिल्डिंग बांधून आईबाबांना तिथे ठेवू’ हा विचार मनात आलाच असेल, तर तो काढून टाका. बागेतल्या खोलीला पीडी आहे : एकमजली, हद्दीपासून २ मीटरच्या आत असेल तर एकूण उंची २.५ मीटर. पण ती घराच्या वापराला पूरक हवी. ऑफिस चालेल, व्यायामाची खोली, तबल्याचा रियाज, अडगळ, सगळं चालेल. कायमची झोपायची खोली नाही, स्वयंपाकघरासह राहती जागा तर नाहीच. पश्चिम लंडन आणि स्लाव भागात शेडमध्ये माणसं ठेवण्याचे प्रकार इतके झाले की स्लाव कौन्सिलने २०१३मध्ये विमानातून उष्णतेची छायाचित्रं घेऊन गरम शेड शोधल्या होत्या. तुमचे आईबाबा भाडेकरू नाहीत हे मला कळतं, नियमाला कळत नाही. त्यासाठी ॲनेक्स म्हणून रीतसर अर्ज करा, तो मिळूही शकतो.

बाजूची पट्टी गेली की गाडी पुढच्या अंगणात येणार. तिथे ५ चौरस मीटरपेक्षा जास्त फरसबंदी करायची तर पाणी मुरेल अशी करा किंवा पाणी बागेतल्या मातीत उतरवा, नाहीतर तिलाही परवानगी लागते. फुटपाथचा कर्ब खाली करायची परवानगी पुन्हा वेगळी, कौन्सिलच्या रस्ते खात्याची.

हे सगळं बसलं असं समजलं तरी माझा आग्रह असतो : लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट घ्या. कायद्याने सक्ती नाही. पण यात कौन्सिल लेखी सांगते की हे नकाशे पीडीत बसतात. फी प्लॅनिंग अर्जाच्या निम्मी, वेळ साधारण आठ आठवडे, आणि शेजाऱ्यांच्या आवडीनिवडीला इथे जागा नाही, प्रश्न फक्त कायद्याचा. बांधून झाल्यावरही मिळतं, पण तेव्हा सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर आणि भिंत आधीच उभी. सहा मीटरवालं असेल तर प्रायर अप्रूव्हल आल्यावर त्याचंही घ्या.

‘आधी बांधून टाकू, मग नियमित करून घेऊ’ ही आपल्याकडची सवय, गुंठेवारीच्या काळापासून अंगात मुरलेली. इथे मागाहून प्लॅनिंगचा अर्ज करता येतो, पण तो नाकारला गेला तर पाडायची नोटीस येऊ शकते. पूर्वी लोक चार वर्षं गप्प बसायचे, चार वर्षांनी कौन्सिलला कारवाई करता येत नसे. २५ एप्रिल २०२४पासून ती मुदत इंग्लंडमध्ये दहा वर्षं झाली. त्या तारखेआधी बांधकाम जवळजवळ पूर्ण झालेलं असेल तरच जुनी चार वर्षं. जुने बिल्डर अजून चार वर्षांचाच हिशोब सांगतात. आणि विकताना ‘इन्डेम्निटी इन्शुरन्स (कौन्सिलने कारवाई केली तर नुकसान भरून देणारा विमा) काढू’ म्हणणारे सॉलिसिटर भेटतील, पण त्याआधी तुम्ही कौन्सिलला फोन करून चौकशी केली असेल तर ती पॉलिसी बहुधा मिळतच नाही.

शेवटी पीडीशी संबंध नसलेल्या पण पीडीइतकाच खोळंबा करणाऱ्या तीन गोष्टी. बिल्डिंग रेग्युलेशन्स, म्हणजे बांधकामाच्या सुरक्षिततेचे नियम, सगळ्यालाच लागू आहेत. लॉफ्टला तर विशेष : जिना आगीपासून सुरक्षित, आग थोपवणारे दरवाजे, मेन्सवर चालणारे एकमेकांना जोडलेले अलार्म. बिल्डिंग कंट्रोलचं कम्प्लीशन सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय बिल्डरचा शेवटचा हप्ता देऊ नका.

दुसरी, पार्टी वॉल कायदा, १९९६चा. सामाईक भिंतीत लॉफ्टचे स्टीलचे बीम घालायचे तर शेजाऱ्याला दोन महिने आधी नोटीस. त्याच्या भिंतीपासून ३ मीटरच्या आत त्याच्या पायापेक्षा खोल खणायचं तर एक महिना आधी. लंडनच्या चिकणमातीत नवा पाया किमान एक मीटर खोल जातोच, जवळ मोठं झाड असेल तर बराच जास्त, आणि १९३०च्या घरांचे पाये उथळ. म्हणजे ही नोटीस तुम्हाला चुकत नाही. शेजाऱ्याने १४ दिवसांत लेखी संमती दिली नाही तर वाद आहे असं धरतात आणि सर्व्हेयर नेमावे लागतात, तुमच्या खर्चाने. नकाशा घेऊन आधी भेटायला जा म्हणालो त्याचं हे दुसरं कारण.

तिसरी, ड्रेन. या काळातल्या सेमीमध्ये दोन-चार घरांचं सांडपाणी एकत्र होऊन मागच्या बागेतून, नेमकं तुमच्या नव्या स्वयंपाकघराखालून जातं. १ ऑक्टोबर २०११पासून असे सामाईक ड्रेन पाणी कंपनीचे झाले, तुमच्या भागात थेम्स वॉटरचे. त्यावर किंवा त्यापासून ३ मीटरच्या आत बांधायचं तर कंपनीची बिल्ड-ओव्हर संमती आधी घ्यावी लागते, आणि मॅनहोल खोलीच्या आत ठेवायला कंपनी सहसा मान्यता देत नाही. तेव्हा ड्राफ्ट्समनला नकाशा काढायला बोलवाल त्या दिवशी आधी मागचं मॅनहोलचं झाकण उघडून नळ कोणत्या दिशेने जातोय ते बघा आणि नकाशावर काढून घ्या. सहा की साडेचार, हे बऱ्याचदा तिथेच ठरतं.